दहा किलो वाळू

आमच्या गल्लीत पहाटे चार वाजता दोन प्रकारची माणसे उठतात. एक तालमीतली पोरे, आणि दुसरे मार्केट यार्डात हमालीला जाणारे. थंडीच्या दिवसांत अंथरुणात पडल्या पडल्या मला दोघांचीही चाहूल लागते. पलीकडून जोर मारणाऱ्या पोरांचे हुंकार येत असतात, आणि अलीकडे, आमच्याच घरात, आबा अंधारात चपला चाचपडत असतात. सकाळी आठ वाजेपर्यंत दोघांच्याही अंगाला सारखाच घाम आलेला असतो. पण तालमीतल्या पोराला गल्ली 'पैलवान' म्हणते. आबांना कुणी पैलवान म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही.

लहानपणी मला याचे कोडे पडायचे. आबा पाठीवर ५० किलोचे पोते घेतात. गुळाचा हंगाम भरात असला, की पोती आणि रवे मिळून दिवसाला शंभरावर खेपा होतात. मी चौथीत असताना पाटीवर हिशेब मांडला होता. दिवसाकाठी पाच टन! वजन उचलून ताकद वाढते हे जर खरे, तर आबा एव्हाना हिंदकेसरी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना अंथरुणातून उठताना भिंतीचा आधार लागतो. १९६९ सालच्या माथाडी कायद्याने हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला, ही मोठीच गोष्ट झाली. पण कंबरेतून रोज जे खर्ची पडते त्याचा निधी कुठल्याच मंडळात जमा होत नाही.

या कोड्याचे उत्तर मला हॉकीने दिले, आणि तेसुद्धा माझी हॉकी बंद पडल्यावर.

मी हॉकीत आले ती योगायोगाने. सातवीत असताना शाळेला मुलींचा संघ उभा करायचा होता, म्हणून ज्या मुली जोरात पळतात त्यांना सरांनी एका रांगेत उभे केले. कोल्हापुरात हॉकी म्हणजे तशी सावत्र लेकच. कुस्तीला इथे शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान आहे, आणि फुटबॉलला पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत. सामना असला की अर्धे गाव कामधंदा सोडून जाते. हॉकीची काठी खांद्यावर टाकून मी निघाले की लोक विचारायचे, "काय गं, कुणाला हाणायला निघालीस?"

टोकियोचे ऑलिंपिक एक वर्ष उशिरा, २०२१ साली झाले, तेव्हा मी दहावीत होते. पंचगंगेचा महापूर नुकताच ओसरला होता. घराघरांतून चिखल काढणे चालू होते. अशा दिवसांत शेजारच्या काकींच्या मोबाईलवर आम्ही चौघी मुली डोक्याला डोके लावून सामने बघत होतो. २ ऑगस्टला आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले. गुरजीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला आणि मग उरलेला सगळा वेळ नुसता बचाव, बचाव आणि बचाव. ६ तारखेला ब्रिटनशी ४-३ ने हरून कांस्यपदक हुकले. आम्ही रडलो. पण माझ्या लक्षात राहिले ते गोल नव्हेत. शेवटच्या पंधरा मिनिटांतसुद्धा त्या मुली पहिल्या मिनिटासारख्याच पळत होत्या! पुढे वर्तमानपत्रात वाचले, की त्या संघाबरोबर वेन लोम्बार्ड नावाचे दक्षिण आफ्रिकेचे वैज्ञानिक सल्लागार होते, आणि कोण किती पळाली, किती वेगाने पळाली हे मोजायचे यंत्र मुलींच्या अंगावरच बांधलेले असते. मला त्यातले एवढेच कळले, की मैदानाबाहेर खूप काही तरी करावे लागते. 'खूप' हा शब्द मी नको तितका मनावर घेतला.

शाळेत आमचा व्यायाम म्हणजे मैदानाला दहा फेऱ्या, मग बदकचाल, मग जोडीदारणीला पाठुंगळी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत. उशीर झाला तर शंभर बैठका. बोलताना सापडलात तर आणखी पन्नास. म्हणजे व्यायाम कुठे संपतो आणि शिक्षा कुठे सुरू होते हे आम्हांला कधी कळलेच नाही. सरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्या सरांनी त्यांना जे दिले तेच ते आम्हांला देत होते. पण मी अकरावीत गेले आणि स्वतःच स्वतःची सर झाले. पहाटे रिकाम्या पोटी रंकाळ्याला पळायचे, घरी येऊन पाणी भरायचे, कॉलेज, संध्याकाळी मैदान, रात्री भाकरी थापायच्या, आणि अकरानंतर अभ्यास. नडगी दुखू लागली तेव्हा मला मनातून आनंदच झाला. दुखते आहे, म्हणजे काही तरी घडते आहे!

घडत होते ते भलतेच. एका साध्या सामन्यात, धक्का नाही, टक्कर नाही, नुसती वळले आणि खाली बसले. डॉक्टरीणबाईंनी नडगीवरून बोट फिरवले आणि मी किंचाळले. हाडाला केसाएवढी चीर गेली होती. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.४. मग त्यांनी आबांना बाहेर बसायला सांगून मला विचारले, "पाळी वेळेवर येते का?" चार महिने आलेली नव्हती. मला त्याची काळजी नव्हती. उलट, सुटले, असेच वाटत होते. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि समजावून सांगितले. शरीराला जेवढे लागते तेवढे अन्न मिळाले नाही, की ते एकेक खाते बंद करू लागते. पहिल्यांदा पाळी बंद होते. मग हाडे पोसायचे काम थांबते. वरून मी पळत राहिले, म्हणजे पडत्या घराच्या माडीवर नाचत राहिले.

हे सारे इथे लिहावे की नाही, यावर मी बराच विचार केला. घरच्या बायका म्हणतील, अंकात कसले हे लिहितेस! पण २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे आपल्या वर्गातल्या बाकावर दोघी बसल्या असतील तर निदान एकीची ही गोष्ट आहे. तेव्हा लिहिलेले बरे.

तीन महिने पळणे बंद. त्या दिवसांत मी लंगडत दुकानाला निघाले असताना तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या वस्तादांनी हाक मारली. वस्ताद सत्तरीचे आहेत, कान फुटलेले, गुडघे गेलेले. मुलींनी तालमीची पायरी चढायची नाही हा जुना दंडक, त्यामुळे मी खालीच उभी राहिले.

"लंगडतीस का गं?"

"हाड दुखतंय, वस्ताद. मेहनत जास्त झाली."

"मेहनत? सकाळी खाऊन काय जातीस?"

"च्या-बटर. ते बी आल्यावर."

"झोपतीस किती?"

"पाच तास."

"मग ती मेहनत न्हवं पोरी. ते कष्ट. मेहनत म्हंजे काढायचं आन् भरायचं. तू नुसतंच काढत बसलीस."

तालमीच्या भाषेत व्यायामालाच मेहनत म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण त्या शब्दात खुराकही येतो आणि झोपही येते, हे पहिल्यांदाच कळले. पैलवान पहाटे जोर, बैठका, सपाट्या काढतो. मग बदामाची थंडाई, दूध, तूप. आणि दुपारी तो चक्क झोपतो. दोन-दोन तास झोपतो. त्या वेळी तालमीसमोर आम्ही पोरे ओरडलो तर मोठी माणसे दटावायची, "ए, पैलवान निजल्यात!" आणि त्याच वेळी यार्डात आबांची साठावी खेप चाललेली असायची. माझ्या चौथीतल्या हिशेबात काय राहून गेले होते ते मला त्या कट्ट्यापाशी दिसले. मी फक्त उचललेले किलो मोजले होते.

पहिल्या वर्षाला या महाविद्यालयात आले तेव्हा जिमखान्याच्या सरांना मी माझी सगळी कहाणी सांगून टाकली. त्यांनी पहिल्या दिवशी मला पळायला सांगितलेच नाही. एका पायावर उभी राहा, म्हणाले. मग डोळे मिट. चार मोजायच्या आत मी कोलमडले. दुसऱ्या दिवशी एका पायरीवरून खाली उडी मारायला लावली आणि मोबाईलवर तिचे चित्रण करून दाखवले. खाली येताना माझे दोन्ही गुडघे आत वळत होते. मुलींच्या गुडघ्याचा आतला बंध मुलांच्या मानाने जास्त वेळा तुटतो, आणि पुष्कळदा तो टकरीत नव्हे तर अशाच उतरण्यात किंवा वळण्यात तुटतो, असे सरांनी सांगितले. तेव्हा उडी कशी मारायची याच्या आधी खाली कसे यायचे हे शिकायचे. चवड्यावर, गुडघे वाकवून, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज न करता. पंधरा दिवस मी पायरीवरून उतरत होते. वर्गातल्या मुली हसायच्या.

मग सरांनी खेळ उलगडून दाखवला. हॉकीचा सामना ६० मिनिटांचा, १५-१५ मिनिटांचे चार भाग. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. म्हणजे आत जायचे, जीव तोडून धावायचे, बाहेर यायचे, दम घ्यायचा, पुन्हा आत जायचे. इथे संथ पळणाऱ्याचे काही चालत नाही. रंकाळ्याच्या काठाने तासतासभर संथ पळून मी तयारी करीत होते ती दुसऱ्याच कुठल्या खेळाची! आता आम्ही २० मीटर जोरात धावतो आणि मग पुरे मिनिटभर थांबतो. अशा सहा-आठ धावा. थांबणे हा त्या व्यायामाचाच भाग आहे हे पटायला मला महिना लागला. थांबले की वाटायचे, कुणी बघितले तर आळशी म्हणेल.

शिवाय हॉकीत सतत ओणवे राहावे लागते. डावखुरी काठी हॉकीत नसतेच. सगळ्यांचा उजवा हात खाली आणि डावा वर, त्यामुळे शरीर वर्षानुवर्षे एकाच बाजूला पिळत राहते. म्हणून काठी खाली ठेवल्यावर दुसऱ्या बाजूचे काम करायचे, मांडीच्या मागचा स्नायू बळकट करायचा, पोट आणि पाठ फळीसारखी धरायला शिकायचे. एक प्रकार तर असा आहे, की गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदारणीने घोटे धरायचे आणि आपण पुढे हळूहळू, जितके हळू जमेल तितके, कलत जायचे. पहिल्यांदा मी धाडकन तोंडावर पडले. आज बऱ्यापैकी खाली जाते.

जुन्या काळी हे सारे कशाला लागत नव्हते, असे म्हणणारे भेटतात. १९७५ साली क्वालालंपूरला आपण विश्वचषक जिंकलो तो गवतावर. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. हात तेच होते, काठ्या त्याच होत्या. पायांखालची जमीन बदलली होती. चेंडू जोरात जाऊ लागला, त्याच्यामागे पायांनाही जावे लागले. इतरही कारणे असतील, पण मी मुरमावर शिकलेली मुलगी पहिल्यांदा टर्फवर उतरले तेव्हा दहा मिनिटांत माझ्या पोटऱ्यांना जे कळले ते मला कुठल्या पुस्तकाने इतक्या लवकर सांगितले नसते.

गंमत म्हणजे, मैदानाबाहेरच्या व्यायामाची माहिती शोधू गेले की मोबाईलवर पहिल्यांदा येते ती कॅनडाची बर्फावरची हॉकी! तिथली दहा-बारा वर्षांची मुले उन्हाळ्यात बर्फ सोडून गवतावर या पायावरून त्या पायावर आडव्या उड्या मारीत असतात, पाठीमागे रबराचा पट्टा बांधून धावत असतात. आमच्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला. तरी त्या आडव्या उड्या मी उचलल्या. त्यांनाही ओणवे राहून झटकन बाजूला सरकावे लागते आणि आम्हांलाही.

वजनाची पाळी आली ती दीड महिन्यानंतर. तोवर नुसते स्वतःचेच शरीर. वाढत्या वयात वजन उचलले की उंची खुंटते अशी आमच्या गल्लीची समजूत. सर म्हणाले, शिकवणारा जवळ असेल आणि वजन पायरीपायरीने वाढवले तर तसे काही होत नाही. आणि न शिकता एकदम मोठे वजन उचलले तर कुठल्याही वयात वाईटच. मला आबा आठवले. त्यांनी चौदाव्या वर्षी पहिले पोते उचलले तेव्हा त्यांना पायरी कुठली होती? आधी पाच किलो, मग दहा, असे त्यांना कोण म्हणणार होते?

जिमखान्यातली खोली संध्याकाळी मुलांची असते आणि मला सकाळी वेळ नसतो, म्हणून घरी काही करता आले तर बघ, असे सरांनी सुचवले. मी आबांना म्हटले, "आबा, एक रिकामं पोतं आणाल का? वाळू भरायची हाय. दहा किलो."

आबा जेवत होते. घास हातातच राहिला. "आमी हे पाठीवरनं टाकायला बघतोय, आन् तू उचलायला?"

पण दुसऱ्या दिवशी ते पोते घेऊन आले. बांधकामावरची वाळू चाळून, आत प्लास्टिकची पिशवी घालून, दाभणाने त्यांनी ते इतके सुबक शिवले की एक कण सांडत नाही. दोन्ही बाजूंना धरायला कान ठेवले. आणि वजन? काट्यावर न ठेवताच त्यांनी हाताने तोलून सांगितले, "दहाला पाव कमी हाय." किराणा दुकानात नेऊन बघितले तर खरेच पावणेदहा!

पोते सोपे निघाले. अवघड होते ते भरणे. आईशी भांडण झाले ते झोपेवरून. माझ्या वयाला आठ तास तरी झोप हवी, आणि कधी रविवारी सामन्यानंतर मी दुपारी पडले की आई भांडी आपटायची. "पोरीच्या जातीला दुपारची झोप? लोक काय म्हणतील?" तालमीपुढे पोरांना दटावणाऱ्यांत तीही होती, हे मी तिला एकदा रागात बोलून दाखवले. ती काही बोलली नाही. वाईट वाटले ते नंतर. कारण ती स्वतः दुपारी कधी पडलेली मला आठवेना.

खुराकाचे गणित पैशांचे आहे. राणी रामपाल, टोकियोच्या संघाची कप्तान, हरियाणातल्या शाहाबादच्या गाडी ओढणाऱ्या माणसाची मुलगी. लहानपणी तिला सरावाला अर्धा लिटर दूध आणायला सांगत, आणि घरी होते पाव लिटरही नाही, तेव्हा ती त्यात पाणी मिसळून न्यायची. हे तिने स्वतःच सांगितले आहे. २०२४ साली ती निवृत्त झाली. तिच्या सगळ्या गोलांपेक्षा मला ते पाणी घातलेले दूध जास्त आठवते. आणि आपल्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवायला याच गावच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. मला घर नको आहे. मला रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, गूळ, मोड आलेले हरभरे आणि त्यावर लिंबू एवढे पुरे आहे. गूळ आबा आणतात. अंडी महिन्याच्या शेवटी बंद होतात. गेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.६ भरले. अजून १२ नाही.

परवा एक गंमत झाली. मी अंगणात पोते उचलत होते. सरांनी शिकवल्याप्रमाणे पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायचे, वजन अंगालगत घ्यायचे आणि टाचांवर जोर देऊन उठायचे. आबा पायरीवर बसून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पुन्यांदा दाखीव." मी दाखवले. ते उठले, पोत्यासमोर उभे राहिले आणि वाकले. पाठ कमानीसारखी गोल, जशी तीस वर्षे वाकत आली तशी. मी त्यांच्या पाठीवर माझी हॉकीची काठी उभी धरली आणि म्हटले, "आबा, ही काठी डोक्याला, पाठीला आन् माकडहाडाला, तिन्हीकडं टेकली पायजे." आठ-दहा वेळा झाल्यावर एकदा ती टेकली. आबा तसेच वाकून थांबले. म्हणाले, "ह्ये चौदाव्या वर्षी कुणी सांगाय पायजे हुतं." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, हसून, "पर गाडी रिकामी करताना कुठं येळ असतोय एवढा?"

यंदा दर रविवारी मी जुन्या शाळेच्या मैदानावर सातवी-आठवीच्या नऊ मुलींना शिकवायला जाते. पाठुंगळी घेणे मी बंद केले आहे. पायरीवरून उतरणे चालू आहे. त्याही एकमेकींना हसतात. त्यातली एक फार चपळ आहे, पण दहा मिनिटांत तिचा चेहरा पांढरा पडतो. मी विचारले, "काय खाऊन आलीस?" ती म्हणाली, "उपास हाय, ताई." कसला उपास ते तिला सांगता आले नाही.

काल शनिवार होता. रात्री अभ्यास करून उठले तर स्वयंपाकघरात आबा पातेल्यात काही तरी ओतत होते. मी दिवा लावला. ते हरभरे भिजत घालत होते.

"उद्या रविवार न्हवं?" ते म्हणाले. "पोरी नऊ, आन् तू एक. दहा मुठी टाकल्यात. पुरतील का बघ."